झाडूने रद्दी का सोडली

१

माझ्या थोरल्या मुलाची एक खोड आहे. निकाल आधी, चौकशी मागून. लहानपणी खेळात पंच व्हायचा आणि चेंडू हवेत असतानाच "बाद!" म्हणून ओरडायचा. आता केस पिकले, अक्कल मात्र अजून हिरवीच.

त्या दिवशी सकाळी मी कारखान्यात पाऊल टाकलं, तोवर ह्याचा निवाडा होऊनही गेला होता.

"आई, साचे गेले. सगळे. आणि ते हिने घालवलेत."

'ही' म्हणजे माझी धाकटी सून. संगणकाच्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून उभी होती.

आमचा कारखाना कृत्रिम पायांचा. नवऱ्याने लाकूड तासून सुरू केला, त्यांच्या मागे मी चालवला. माझं शिक्षण चौथीच्या उंबऱ्यावर थांबलं, पण कुठला पाय कुठे बोचणार ते मी माणसाची चाल बघून सांगते. पूर्वी प्रत्येक पायाचा प्लास्टरचा साचा काढायचो. आता अवघड पाय तेवढा प्लास्टरमध्ये जातो, बाकीच्यांवर यंत्राचा झोत फिरतो आणि पायाचा आकार संगणकात जाऊन बसतो. त्यावरून पाय शिरतो ती खोबणी कापायची. हे सगळे आकार एका फोल्डरात, आणि त्या फोल्डरचं नाव 'साचे'.

ते फोल्डर काल संध्याकाळी होतं. सकाळी नव्हतं.

बाहेर बाकावर शिंपीणबाई कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसल्या होत्या. त्यांची खोबणी आज कापायची होती. पाय बसल्याशिवाय शिलाईयंत्राचं पायडल दाबणार कशाने? आमचा आरडाओरडा ऐकून त्यांनी विचारलं, "मोठी आई, माझा खरा पाय एकदा गेलाच. आता यंत्रातलाही गेला का?"

मी "चहा घ्या," म्हटलं.

थोरला थांबायला तयार नव्हता. "रात्री हिची ती स्क्रिप्ट चालते. केर काढते म्हणे यंत्रातला. काढला केर! दुपारी जावईबापूंच्या कंपनीचा माणूस येतोय. सगळे पासवर्ड त्याच्या हवाली करायचे. ही उद्यापासून पट्टे शिवायला बसेल."

"आणि तिचं काय म्हणणं?"

"तिला काय विचारायचंय?"

मी धाकटीकडे बघितलं. पट्टे शिवण्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः आयुष्यभर शिवले. पण ही मुलगी ह्या घरात आली तेव्हा कोपऱ्यात अंग चोरून बसायची. त्या यंत्राच्या खोलीत गेली आणि माणसात आली. तिला तिथून उठवायचं म्हणजे झाड उपटून फुलदाणीत ठेवल्यातली गत.

"बोल की गं."

तिने मान खाली घातली. मला दोन प्रकारच्या माणसांचा संशय येतो. फार बोलणाऱ्यांचा आणि मुळीच न बोलणाऱ्यांचा. आज माझ्यापुढे दोन्ही उभे होते.

२

मी थोरल्याला बाहेर पिटाळलं आणि धाकटीला घेऊन यंत्राच्या खोलीत बसले. खोली लहान. एका भिंतीला गुडघ्यांचे, घोट्यांचे सुटे भाग ठेवायचे खण, आणि प्रत्येकावर धाकटीच्या हातची चिठ्ठी. 'डावे_गुडघे', 'उजवे_पंजे'. दोन शब्दांच्या मध्ये तिने ओढलेली बारीक रेघ, आणि त्या रेघेवर लाल शाईने मारलेली फुली. फुल्या थोरल्याच्या. ह्याला शुद्धलेखनाचं वेड. दारावरची पाटी रंगाऱ्याने 'पायबसवण्याचीखोली' अशी एका दमात रंगवली, तर ह्याने पुरती खरवडून घेतली होती. चिठ्ठ्यांवरून दोघांचं परवाच वाजलं होतं. "भाषेला शेपट्या लावू नकोस," असं तो चारचौघांत म्हणाला होता. म्हणजे राग धरायला कारण होतं. ते मी मनात ठेवलं.

"तुझी ती रात्रीची झाडू काय करते ते मला सांग. मी नवी मोलकरीण आहे असं समज."

धाकटीचा चेहरा जरा सैल झाला. "यंत्रात रोज नको ते साठतं, मोठी आई. बिघडलेले स्कॅन, अर्धवट नकाशे. जागा भरली की यंत्र अडतं. मग मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. जे टाकायचं असेल त्या फोल्डरच्या नावात आधी 'रद्दी' लिहा. रात्री स्क्रिप्ट, म्हणजे मी यंत्राला लिहून दिलेली कामांची यादी, उठते, 'रद्दी'वाली नावं गोळा करते, आणि एकेक नाव घेऊन पुसून टाकते. मग उरलं असेल त्याची हुबेहूब नक्कल ह्या डिस्कवर करते. यंत्रातून गेलं ते डिस्कवरूनही जातं. एवढंच."

"'साचे'वर कुणी 'रद्दी' लिहिलं होतं?"

"नाही. तेच तर. रात्रभर चालणाऱ्या ह्या ओळी मी सकाळपासून शंभरदा वाचल्या. 'साचे'ला ती हात लावेल असं मला कुठेच दिसत नाही."

"आता यंत्रात काय उरलंय ते वाचून दाखव."

तिने पडद्यावर बोट ठेवून नावं वाचली. 'पट्टे', 'नकाशे', 'पंजे', 'रद्दी साचे'...

"थांब. हे शेवटचं काय?"

"बिघडलेले स्कॅन आहेत. कुणीतरी काल वेगळे काढून ठेवलेत, टाकायला."

"टाकायला ठेवलेत, मग टाकले का नाहीत?"

धाकटीचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. नावात 'रद्दी' होतं. झाडू रात्री आली होती. आणि रद्दी जागच्या जागी.

मी आजवर कामाला ठेवलेल्या बायकांत आळशी पाहिल्या, उचलेगिरी करणाऱ्या पाहिल्या. पण केराची टोपली जपून ठेवून घरातली तिजोरी उकिरड्यावर टाकणारी पाहिली नव्हती.

दारातून आवाज आला. थोरला. कान लावून उभाच असणार. "मग सिद्धच झालं! झाडू काल चाललीच नाही. चालली असती तर ही रद्दी राहिली असती का? 'साचे' कुणीतरी हाताने पुसलंय. आणि राग कुणाला होता?"

खरं सांगते, त्याचं म्हणणं बिनतोड होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तरी कधीकधी नेम लागतो.

"डिस्क तर आहे ना?" मी म्हटलं. "ती नक्कल?"

धाकटीने टेबलाचा खण ओढला. मग खालचा. मग गुडघे टेकून टेबलाखाली बघितलं. रिकाम्या हाताने वर आली.

डिस्क लावायची तार लोंबत होती. डिस्क नव्हती.

३

यंत्राला हात लावणारी माणसं घरात तीनच. धाकटी, थोरला आणि सध्या पाहुणे म्हणून आलेले जावईबापू. तिघंही एकाच नावाने यंत्र उघडतात, त्यामुळे कुणी काय केलं ते यंत्र सांगत नाही.

जावईबापू समोरच्या खोलीत चहा पीत होते. गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागतील. त्यांची कंपनी लोकांची यंत्रं सांभाळून देते आणि आमचंही सांभाळायला टपून बसली आहे.

"फार वाईट झालं, मोठी आई," ते म्हणाले. "घरच्या माणसांनी असली कामं करू नयेत, ते ह्यासाठीच."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यांच्या मांडीकडे बघत होते. दरवेळी आले की पिशवी दारात भिरकावतात आणि माझी लेक ती उचलत फिरते. आज पिशवी मांडीवर, आणि चहाचा कप डाव्या हातात, कारण उजवा पिशवीवर.

"जावईबापू, पिशवीत अंडी आहेत का?"

"अं? नाही, का?"

"उबवायला बसल्यासारखे बसलात म्हणून विचारलं."

कप बशीवर खडखडला. मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. जावयाला सासू रागावत नाही, पण सासूचा पुढे केलेला हात रिकामा राहिलेला आमच्या घरात कुणी पाहिला नाही. त्यांनी चेन उघडली आणि डिस्क माझ्या तळव्यावर ठेवली.

"चोरी नाही हो," ते घाईने म्हणाले. "काल संध्याकाळी काढली. किती माल आहे ते आमच्या माणसाला दाखवायचं होतं, म्हणजे त्याला भाव सांगता आला असता. सकाळी गुपचूप परत ठेवणार होतो, तर इथे हा गोंधळ. आता देऊ तर माझ्यावरच येणार..."

"संध्याकाळी काढली? म्हणजे रात्री डिस्क यंत्राला नव्हतीच?"

"नव्हती."

काखेत कळसा आणि सगळं घर वळशाला. मी डिस्क घेऊन यंत्राच्या खोलीत आले. थोरल्याने ती माझ्या हातून जवळजवळ हिसकावली.

"आण, लावतो. साचे परत येतील, शिंपीणबाईंची खोबणी..."

"हात लावू नका!"

कारखाना हादरला. सकाळपासून थोरल्यापुढे मुकी असलेली धाकटी ओरडली होती. तिने थोरल्याचं मनगट धरलं. दिराला हात लावायची तिची ती पहिलीच वेळ असावी.

"दादा, डिस्क लागली की नक्कल करणं आपोआप सुरू होतं. यंत्रात आत्ता 'साचे' नाहीत. डिस्कवरचेही ती पुसून टाकेल. आधी मला ते बंद करू द्या."

थोरल्याचा हात हवेतच राहिला. तिने ते बंद केलं, डिस्क लावली, आणि पडद्यावर पायांची नावं एकामागून एक उतरू लागली. शिंपीणबाईंचा पाय होता. सगळ्यांचे पाय होते.

माझा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. ज्याने रागाने घर पेटवलं, तो शेवटचा हंडा वाचवायला आगीत उडी घेत नाही. धाकटीने हाताने काही पुसलं नव्हतं.

थोरला मात्र सुंभ जळला तरी पीळ सोडणारा नव्हे. "साचे मिळाले, ठीक. पण गेले कसे? हाताने घालवले नसतील तर हिच्या झाडूने घालवले. उद्या पुन्हा घालवेल. माणूस दुपारी येतोय तो येतोयच."

ह्यावर धाकटी हळूच म्हणाली, "दादांचं बरोबर आहे. मला चूक सापडत नसेल तर मी इथे बसू नये."

४

मी बाहेर शिंपीणबाईंच्या शेजारी जाऊन बसले. डोकं चालेना. झाडू चालली म्हणावं तर रद्दी का राहिली? चालली नाही म्हणावं तर साचे कुठे गेले?

तेवढ्यात आमच्या घरचा रोजचा तमाशा झाला. थोरल्याला दोन मुली, दोघीही आमच्याच कामात. पहिलीला आम्ही 'मोठी' म्हणतो, दुसरीला 'छोटी'. मला सगळे 'मोठी आई' म्हणतात. छोटी प्लास्टरच्या खोलीत काम करते आणि त्या धुळीने दिवसभर शिंकते. तिला माझ्याकडून बारीक कात्री हवी होती. आतून हाक आली:

"मोठी... आऽऽक्छी! ... आई!"

झालं. पट्टे शिवायच्या खोलीतून मोठी धावली. "काय गं?" हिशेबाच्या टेबलावरून थोरली सून धावली. "काय झालं बाळा?" दोघी दारात एकमेकींवर आदळल्या. आणि जिला बोलावलं होतं ती मी बाकावर स्वस्थ. मला कुणी हाक मारलीच नव्हती ना!

छोटी पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर आली आणि करवादली, "तुम्ही दोघी कशाला आलात? मी मोठी आईला बोलावलं!"

"मग मध्ये शिंकलीस कशाला?" मोठी म्हणाली.

शिंपीणबाई कुबड्या सावरत हसत होत्या. मी हसले नाही. मी उठले.

बोलावलं एकीला. हाक मध्ये तुटली. आल्या भलत्याच दोघी, आणि खरी होती ती जागेवर बसून राहिली.

रद्दी जागेवर बसून राहिली होती.

यंत्राच्या खोलीत धाकटी आपल्या पिशवीत पेन, चष्म्याचं घर असलं सामान भरत होती. मी तिच्या हातून पिशवी काढून घेतली. "तुझ्या झाडूला बोलायला लावता येतं का? झाडायचं नाही, नुसतं तोंडाने म्हणायचं, मी आता हे टाकते, मी आता ते टाकते."

"येतं की. 'पूस'च्या जागी 'बोल' लिहायचं. पण ओळी मी वाचल्यात, मोठी आई."

"तू काय लिहिलंस ते तू वाचलंस. तिने काय ऐकलं ते आता तिच्याच तोंडून ऐकू."

तिने काळ्या पडद्यावर काहीतरी बदललं आणि बटण दाबलं. झाडू बोलली. चौथीपर्यंतच्या वाचनाला झेपेल एवढंच बोलली:

टाकते: रद्दी
टाकते: साचे

"दोन ओळी का गं?" मी म्हटलं. "रद्दी एकच आहे ना? 'रद्दी साचे'."

धाकटी पडद्याकडे झुकली. मग एकदम बोलू लागली, मलाच नव्हे, स्वतःलाही. "नावात मोकळी जागा आहे. जागा आली की ही नाव तोडते, एकाची दोन समजते. म्हणून मी रेघ ओढते, सगळीकडे रेघ ओढते, आणि मी तपासलं तेही माझ्याच रेघवाल्या नावांवर! 'रद्दी' नावाचं फोल्डर नाहीच. नसलेलं टाकायला गेली आणि गप्प बसली. मग 'साचे' टाकायला गेली, ते होतं..."

"नसलेलं टाकायला सांगितलं तर 'सापडत नाही' म्हणून ओरडली का नाही?"

धाकटी ओशाळली. "मीच तिला सांगून ठेवलंय, काही झालं तरी कुरकुर करायची नाही."

"अगदी तुझ्यासारखी घडवलीस."

तिने ओठ चावला, पण डोळ्यांत हसू आलं. मग तिने नावाच्या दोन्ही अंगांना बारीकशी अवतरणचिन्हं लावली. मला ती नावाचे दोन्ही कान धरल्यासारखी दिसली. कान धरल्यावर नाव तुटतं कुठलं? झाडू पुन्हा बोलली, आणि ह्या वेळी एकच ओळ आली:

टाकते: रद्दी साचे

चूक सापडली होती. पण मध्ये शिंकलं कोण, ते अजून कळायचं होतं.

५

मी तिघांना प्लास्टरच्या खोलीत बोलावलं. सगळीकडे पांढरी भुकटी, फळीवर पायांचे साचे रांगेने उभे, जणू बिनधडाचे लोक आमचा न्याय ऐकायला जमले होते. टेबलावर भुकटी सारखी केली.

"बिघडलेल्या स्कॅनचं नाव बोटाने इथे लिहा. 'रद्दी साचे'. एकेकाने."

"आई, हा काय पोरखेळ?" थोरला म्हणाला.

"पोरं म्हाताऱ्यांसारखी वागायला लागली की म्हाताऱ्यांना पोरखेळ खेळावा लागतो. लिहा."

जावईबापूंनी लिहिलं इंग्रजी अक्षरांत, सवयीने. धाकटीने लिहिलं आणि लिहिता लिहिता बोट मध्ये आडवं ओढलं. 'रद्दी_साचे'.

थोरल्याने आधी तिची ती रेघ तळव्याने पुसली. मग ठसठशीत अक्षरांत 'रद्दी' लिहिलं, करंगळी टेकवून जागा मोजली, आणि पुढे 'साचे' लिहिलं.

"हे असं लिहितात," तो म्हणाला. "दोन शब्द, मध्ये जागा. यंत्रातही मी असंच लिहिलंय काल, तुम्हाला कळावं म्हणून. बिघडलेले सगळे स्कॅन मीच वेचून..."

तो थांबला. कुणी थांबवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा मुलगा वाक्याच्या मध्ये आपणहून थांबला.

धाकटीने त्याला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, झाडूने नाव कसं तोडलं, अवतरणचिन्हं कुठे राहिली होती. "दादा, तुम्ही बरोबरच लिहिलंत," शेवटी म्हणाली. "कुणीही असंच लिहिणार. ते धरून चालणं माझं काम होतं. चूक माझीच."

बघा. ज्याच्यावर उलटवायचं त्यालाच सावरून घेतलं. थोरला त्या भुकटीतल्या जागेकडे बघत राहिला. काल मदत करायला म्हणून बसला होता, आणि आज सकाळपासून संन्याशाला सुळी देत सुटला होता.

बाहेर खोबणी कापायचं यंत्र सुरू झालं. शिंपीणबाईंचा पाय आकाराला येत होता. आणि दारावर टकटक झाली. जावईबापूंच्या कंपनीचा माणूस.

जावईबापू माझ्याकडे बघू लागले, थोरलाही. मी म्हटलं, "त्यांना चहा द्या आणि परत पाठवा. आमची झाडू आता कान धरून काम करते. जावईबापू, तुम्ही डिस्क पळवलीत म्हणून साचे वाचले, तेव्हा तुम्हाला शिक्षा नाही. शाबासकीही नाही. आणि तू गं, पिशवीतलं सामान परत खणात. पुढच्या खेपेला गप्प बसलीस तर मीच तुला हाकलीन."

ती गेली. जावईबापूही सटकले. थोरला तेवढा उभा राहिला, तळव्याला पांढरी भुकटी लागलेली.

"आई," तो म्हणाला, "मी तिला काय सांगू आता?"

"तू काही सांगू नकोस. तू ऐक. आणि माझा निकालही आज ऐकून घे, चौकशी झाल्यावर दिलेला. तू चोर नाहीस, बाळा, आणि अशुद्धही लिहीत नाहीस. कागदावर दोन शब्दांमध्ये करंगळी मोजून जागा सोडतोस. तेवढीच जागा माणसाच्या बोलण्यात आणि तुझ्या निकालात सोडत जा."